साइड टू, शेवटचं गाणं

रॉक संगीताशी माझी पहिली गाठ पडली तेव्हा मी प्रेस बंद करायला लावला होता.

आमच्या कारखान्यात रॉक बँडची ती पहिलीच रेकॉर्ड. नमुन्याची प्रत घेऊन मी ऐकायच्या खोलीत बसलो, सुई टेकवली आणि ताडकन उठलो. आत नुसती खरखर. कुणीतरी लोखंडी कपाट फरशीवरून ओढत नेतंय आणि दुसरा कुणीतरी त्याला अडवतोय, असं काहीसं. मी धावत बाहेर आलो, वाफेचा व्हॉल्व्ह बंद करायला सांगितला, साचा उतरवला आणि शेठना फोन लावून म्हटलं, "शेठ, साचा फाटला. माल गेला."

दुपारी त्या बँडचा एक मुलगा आला. त्याला मी खुर्चीत बसवलं, पाणी दिलं आणि घरातलं कुणी गेल्याची बातमी सांगावी तशा आवाजात म्हटलं, "ऐकून घ्या." तो ऐकायला लागला आणि मान डोलवायला लागला.

"मस्त आलंय की, काका."

"ही खरखर?"

"ते डिस्टॉर्शन आहे. गिटारचा आवाज मुद्दाम फाडलाय. त्याचं वेगळं मशीन असतं, पायानं दाबायचं."

"आवाज फाडायला मशीन?"

"हो."

वस्तू फाटू नयेत, चिरू नयेत, वाकू नयेत, एवढ्यासाठीच माझी नोकरीची सगळी वर्षं गेलेली. मी चहा मागवला. प्रेस पुन्हा तापायला संध्याकाळ झाली. पुढे कित्येक महिने मला बघितलं की शेठ हवेत गिटार वाजवायचे.

मी मूळचा बादलीवाला. तुर्भ्याच्या एमआयडीसीत आमच्या कारखान्यात बादल्या, पाण्याचे मग, खुर्च्यांचे पाय आणि चपलांचे सोल निघायचे. प्लास्टिक किती तापवलं की वितळतं, किती घाई केली की रुसतं, हे मला चांगलं ठाऊक. मग काही वर्षांपूर्वी शेठना कुणीतरी सांगितलं, की जुन्या काळ्या रेकॉर्डी पुन्हा आल्यात, तरुण मुलं हौसेनं घेतात. शेठनी बाहेरून एक जुना प्रेस आणला आणि मला बोलावलं.

"विलासभाय, प्लास्टिक तर प्लास्टिक. बादलीत पानी राहतं, ह्याच्यात गाना राहणार."

काम खरंच एवढंच आहे. पीव्हीसीचे काळे दाणे तापवून त्यांचा भाकरीच्या पिठासारखा गोळा करायचा. गोळ्याच्या वर एक कागदी लेबल, खाली एक. मग तो दोन साच्यांमध्ये ठेवून दाबायचा. ह्या साच्याला स्टॅम्पर म्हणतात, निकेलची पातळ चकती असते, आणि गाण्याची खाच तिच्यावर उलटी उमटलेली असते. आधी वाफ, मग थंड पाणी, मग कडेचा जादा भाग कापला की रेकॉर्ड तयार. मूळ खाच कोरायचं काम आमच्याकडे होत नाही. ते परदेशात होतं आणि साचे खोक्यातून येतात. आम्ही आधी मोजक्या नमुन्याच्या प्रती काढतो. त्या पास झाल्या तरच पुढचा माल.

पास करायचं काम माझ्याकडे आलं, कारण माझा कान. मशीनचं बेअरिंग जायच्या दोन दिवस आधी मला ते ऐकू येतं. घरी पंखा, फ्रिज, सोसायटीची पाण्याची मोटर, सगळ्यांची तब्येत मी झोपून सांगतो. तेव्हा शेठ म्हणाले, बस खोलीत आणि ऐक.

बाहेरच्या लोकांना वाटतं, काय मजेचं काम, दिवसभर गाणी ऐकायची. गाणी ऐकायचीच नसतात. गाण्याच्या मागचं ऐकायचं असतं. टक्, चट्, सूं, घर्र. गाण्यात जीव गुंतला की टक् निसटतो. म्हणून मी डोळे मिटून, मान खाली घालून बसतो, आणि गाणं समोरून गेलं तर त्याला ओळख दाखवत नाही. माझ्या हाताखालून अभंग गेले, गझला गेल्या, कुणाचे आजोबा सतार वाजवताना गेले. मला त्यातलं एकही आठवत नाही. मला आठवतं ते असं, की गझलवाल्याच्या साइड वनवर दुसऱ्या मिनिटाला बुडबुडा होता.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची. खाडीकाठच्या एका गावचे बिल्डर आले होते. बापजाद्यांची शेती गेली, आता तिथे त्यांचे टॉवर. मुलीच्या हळदीला गायच्या गाण्यांची सोनेरी रेकॉर्ड हवी होती, लेबलवर नवरानवरीचा फोटो. सोनेरी प्लास्टिक मिळवताना माझा घाम निघाला. हळदीच्या एका गाण्यात बारीक टक् होता म्हणून मी अख्खा माल पुन्हा काढला. लग्नानंतर मी त्यांना भीतभीत विचारलं, आवाज कसा वाटला. ते म्हणाले, "वाजवली कुठं? मांडवाला लावल्या शोभंला. वाजवायला डीजे हाय ना, काका."

तर असा मी, आणि असा माझा कान. आता त्या रेकॉर्डकडे येतो, जिच्याबद्दल लिहा म्हणून संपादकबाईंनी माझ्या मागे लकडा लावला.

बँडचं नाव 'खारफुटी', अल्बमचं नाव 'मिठागर'. गिटार वाजवणारा आणि बहुतेक गाणी गाणारा हर्षल, सारसोळ्याचा कोळ्यांचा मुलगा. कारखान्यात येणंजाणं त्याचंच. एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. साइड टूवरचं शेवटचं गाणं जी मुलगी गाते, ती आमची चिमी. माझी एकुलती एक मुलगी. ऐरोलीला कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे आणि शनिवार-रविवार संध्याकाळी 'मैत्रिणीकडे' असते, एवढंच मला माहीत होतं. तुम्हाला हे आत्ताच सांगतोय, कारण मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि त्यामुळे माझं काय झालं ते मी विसरलेलो नाही. तिचा आवाज जगासमोर जायचा की नाही, हे माझ्या एका शेऱ्यावर होतं. आणि मी तिला दोनदा नापास केलं.

स्वतःच्या मुलीचा आवाज ओळखू आला नाही का, असं मला आता नातेवाइकांपासून दूधवाल्यापर्यंत सगळे विचारतात. नाही आला. कव्हरवर नावं नव्हती, नुसतं मिठाच्या ढिगांचं चित्र. घरी चिमी बोलते ती हळू, दोन वाक्यांत. गाण्यात ती आधी कुजबुजते आणि मग असा टाहो फोडते, की मी आवाजाची खुंटी खाली करून सुईचं वजन तपासलं होतं. आणि खरं सांगायचं तर मी आवाजाकडे बघतच नव्हतो. मी बघत होतो 'स'कडे.

आमच्या धंद्यात 'स' हे अक्षर वैरी आहे. रेकॉर्ड बाहेरून आत वाजत जाते, आणि मधल्या लेबलाजवळ पोचेपर्यंत खाचेला जागा कमी पडते. तिथे 'स' आला की दाटीवाटीत फुटतो, फुर्र करून थुंकी उडाल्यासारखा. शेवटच्या गाण्याला हा धोका सगळ्यात जास्त. 'मिठागर'च्या शेवटच्या गाण्यात तर 'स'ची खिरापत वाटलेली, आणि प्रत्येक 'स'च्या शेपटीला एक बारीक शीळ. मी शेरा मारला, 'स फुटतोय. पुन्हा कोरावे.' परदेशातून नवा साचा आला. नमुना काढला. शीळ जागच्या जागी. मी पुन्हा तोच शेरा मारला, ह्या वेळी खाली रेघ ओढून.

दोन दिवसांनी हर्षल आला. एरवी येताना बडबड करत येणारा मुलगा, त्या दिवशी टोपी हातात घेऊन उभा.

"काका, परत नापास?"

"परत फुटतोय. कोरणाऱ्यांचं लक्ष नाही."

"त्यो आवाज मशीनचा न्हाय हो. मानसाचा हाय. आमची गानारी तशीच गाते."

"सगळे असंच म्हणतात, बाळा. स्वतःच्या गाण्यातली शिट्टी कुणाला दिसत नाही."

तो स्टुलावर बसला. "कार्यक्रमाला वाशीचा हॉल घेतलाय. त्या दिवशी रेकॉर्ड हातात पायजे. आता एकदाच कोरायला टाइम हाय, जास्त न्हाय."

"मग ते गाणं काढा. नाहीतर दुसऱ्या कुणाकडून गाऊन घ्या."

"बाकीचे पन त्येच बोलतायत." त्यानं टोपी एका गुडघ्यावरून दुसऱ्या गुडघ्यावर ठेवली. "मी न्हाय बोललो. गानं तिचं हाय, लिवलंय पन तिनंच. ती बोलली, माझा पुढचा दात मोडलाय त्याची शिट्टी हाय, मी दात बसवून घेते. मंग परत गाते एका दिवसात."

"शहाणी आहे मुलगी," मी म्हणालो. "आमच्या मुलीचाही पुढचा दात मोडलाय, सातवीत, कबड्डीत. किती वर्षं सांगतोय दाताला टोपी बसव, ऐकत नाही. तुमच्या गायिकेचं उदाहरण देतो आता तिला."

हर्षलनं माझ्याकडे इतका वेळ बघितलं, की मला वाटलं माझ्या तोंडाला काहीतरी लागलंय.

"नका देव, काका," तो म्हणाला आणि चहा न घेता गेला.

त्या रविवारी दुपारी आम्ही तिघं जेवायला बसलो होतो. आमची सुनंदा बालवाडी चालवते, त्यामुळे घरातसुद्धा तिचं लक्ष सगळ्यांच्या ताटावर असतं. चिमी भात चिवडत होती.

"बाबा, तुमच्याकडे रेकॉर्ड नापास झाली की तिचं काय करतात?"

कामाबद्दल मुलीनं पहिल्यांदाच काही विचारलं म्हणून मी खुललो. "दाणा करायचा. चक्कीत घालून बारीक तुकडे, मग वितळवायचे."

"आणि?"

"आणि चपलेचे सोल."

"म्हणजे गाण्यावर लोक चालतात."

"नापास गाण्यावर," मी म्हणालो आणि स्वतःच हसलो. सुनंदानं मला न विचारता माझ्या ताटात आणखी भात वाढला. पुष्कळ भात. तिचा राग असा वाढपातून येतो, हे मला लग्नानंतर लवकरच कळलं होतं, पण त्या दिवशी तो कशाचा आहे ते कळेना.

"डॉक्टरांची वेळ घ्याल का माझ्यासाठी?" चिमी म्हणाली. "दाताला टोपी बसवायची आहे."

वाचकांच्या डोक्यात आत्ता जे आलं ते माझ्या डोक्यात आलं नाही. माझ्या डोक्यात आलं, की चला, इतक्या वर्षांनी का होईना, बापाचं म्हणणं पटलं. मी जेवता जेवता उठून फोन लावला. सुनंदा चिमीला एवढंच म्हणाली, "अजून विचार कर." चिमी म्हणाली, "केला." मला वाटलं, आईला इंजेक्शनची भीती वाटतेय.

शनिवारी सकाळी मी तिला स्कूटरवर बसवून दवाखान्यात नेलं. कोपरखैरण्याला आमच्या सेक्टरपासून चार गल्ल्या पलीकडे एका गाळ्यात आमच्या दाताच्या डॉक्टर बसतात. मध्ये लाकडी पार्टिशन, आत खुर्ची, बाहेर बाक. चिमी आत गेली. मी बाकावर बसलो. आतल्या खुर्चीला हवा पुरवणारा कॉम्प्रेसर बाहेर कोपऱ्यात असतो, आणि तो मला बरोबर वाटेना. दर फेऱ्याला मध्येच धाप लागल्यासारखा थांबत होता. मी सवयीनं डोळे मिटले, मान खाली घातली आणि ऐकायला लागलो.

आतून डॉक्टरांचा आवाज आला. "टोपीसाठी दात आधी घासून बारीक करावा लागतो हं. एकदा घासला की तो परत मूळचा होत नाही. चालेल ना?"

"चालेल. शीळ जाईल ना पण?"

"जायला पाहिजे. आत्ता कशी येते बघू. म्हणा, सोसायटीच्या सेक्रेटरीनं साबुदाणा सांडला."

"सोसायटीच्या सेक्रेटरीनं साबुदाणा सांडला."

कॉम्प्रेसर नेमका त्याच क्षणी थांबला होता. डोळे मिटलेले, मान खाली, चेहरा समोर नाही, नुसता आवाज. मी जसा खोलीत बसतो तसाच बसलो होतो. आणि माझ्या कानानं मला न विचारता शेरा मारला: साइड टू, शेवटचं गाणं.

तीच शीळ. त्याच उंचीची, 'स' संपल्यावर किंचित वर जाणारी. ती मी इतक्या वेळा ऐकली होती, की झोपेतून उठवून विचारलं असतं तरी वाजवून दाखवली असती. आणि तीच शीळ गेली पंधरा वर्षं माझ्या घरात चहा मागत होती, दार लावून घेत होती, 'बाबा, संध्याकाळी येते' म्हणत होती.

आत दात घासायचं मशीन सुरू झाल्याचा आवाज आला. बारीक, चढत जाणारा. मी पार्टिशनच्या आत कसा गेलो ते आठवत नाही.

"डॉक्टर, घासू नका."

डॉक्टरांनी हात वर धरला. चिमी खुर्चीत आडवी, गळ्यात निळा कागद. "बाबा, बाहेर बसा."

"साइड टू, शेवटचं गाणं," मी म्हणालो.

ती उठून बसली. "हो," म्हणाली.

"तू?"

"हो."

"दोन्ही वेळा?"

"गायले मी एकदाच. नापास दोन वेळा तुम्ही केलंत."

डॉक्टर एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होत्या. त्यांनी मशीन हुकाला लावलं आणि हातमोजे काढले. पेशंटच्या घरच्या गोष्टी त्यांच्या दवाखान्यात रोजच होत असाव्यात.

"मला सांगायचं तरी," मी म्हणालो.

"सांगितलं असतं तर पास केलं असतंत."

"अर्थात केलं असतं."

"म्हणूनच नाही सांगितलं." तिनं निळा कागद नीट केला. "मला माझं गाणं दुसऱ्या कुणासारखंच तपासून हवं होतं. तुमच्या हातून. तुमच्याइतकं बारीक कुणी ऐकत नाही, हे मीच हर्षलला सांगितलं होतं. मग तुम्ही म्हणालात दोष आहे. तर आहे. दोष काढायला आलेय."

"अगं, मला वाटलं खाच फुटतेय. मशीनचा दोष वाटला मला."

"आणि आता मी आहे म्हटल्यावर तो दोष राहिला नाही? आवाज तोच आहे की, बाबा."

मग मी तेच केलं जे मला येतं. मी धंद्याच्या आड लपलो.

"मूळ रेकॉर्डिंग आहे का तुझ्याकडे? स्टुडिओतलं?"

आमच्यात असा नियम आहे, की शंका आली तर मूळ ऐकायचं. मुळात जे आहे ते रेकॉर्डमध्ये आलं, तर तो दोष नव्हे. मुळात नाही आणि रेकॉर्डमध्ये आहे, तो दोष. हर्षलनं 'मानसाचा हाय' म्हटलं तेव्हाच मी मूळ मागायला हवं होतं. पण मला इतकी खात्री होती, की मागितलं नाही. चिमीनं मोबाइल काढला, इअरफोन माझ्या कानात घातले. दाताच्या दवाखान्यात, पेशंटनं गुळण्या करायच्या त्या बेसिनवर हात टेकून, मी उभ्यानं ऐकायला लागलो.

शीळ होती. स्वच्छ, सगळीकडे सारखी. खाच फुटली असती तर ती आत जाताना वाढत गेली असती. ही पहिल्या 'स'ला जेवढी तेवढीच शेवटच्या 'स'ला. दोष नाही. मी सांगायला तोंड उघडलं. पण इअरफोन काढले नव्हते आणि गाणं चालूच होतं. तपासायला आता काही उरलं नव्हतं, त्यामुळे त्यातले शब्द मला पहिल्यांदा ऐकू आले.

फ्रिजची धडधड ऐकतो,
भिंतीतलं पाणी ऐकतो,
जिन्यात चप्पल कुणाची
न बघता ऐकतो.
सगळं ऐकतो, सगळं ऐकतो,
मी सोडून सगळं ऐकतो.

गाण्याचं नाव 'कान'. लेबलवर छापलेलं होतं. ते लेबल मी स्वतः भट्टीत वाळवून गोळ्यावर ठेवलं होतं.

"काका, बसता का?" डॉक्टर म्हणाल्या. त्यांच्याकडे बसायला एकच जागा होती. चिमी खाली उतरली आणि मी पेशंटच्या खुर्चीत बसलो. डॉक्टरांनी पाणी दिलं. गाणं संपलं तरी मी इअरफोन काढले नाहीत, कारण काढले असते तर काहीतरी बोलावं लागलं असतं.

शेवटी चिमीनंच एका कानातला काढला. "मग?"

"मुळात आहे," मी म्हणालो. "मुळात आहे म्हणजे रेकॉर्डमध्ये यायलाच पाहिजे. नाही आलं तर नापास."

"हे बाबा बोलतायत की कारखाना?"

"कारखाना. बाबाला अजून बोलता येत नाहीये."

ती हसली. त्या हसण्यात तो अर्धा दात दिसला. मग तिनं गळ्यातला निळा कागद काढून घडी घातली आणि डॉक्टरांना म्हणाली, "सॉरी मॅडम, आज राहू दे." डॉक्टर म्हणाल्या, "राहू दे. पण गाणं मला पाठवा."

घरी येताना स्कूटरवर मागून तिनं एक अट घातली. ती रेकॉर्ड मी पास करायची नाही. आता माझा शेरा तिला चालणार नव्हता. म्हणून सोमवारी मी शेठना गळ घातली, की तुम्ही ऐका. शेठना उजव्या कानानं ऐकू येत नाही, पण मालक म्हणून त्यांचा शेरा चालतो. मी दुसरा नमुना लावला, शेजारी मूळ रेकॉर्डिंग लावलं, आणि खोलीबाहेर जाऊन उभा राहिलो. दहावीच्या निकालाला शाळेच्या फळ्यासमोर उभा राहिलो होतो, त्यानंतर असा कधी उभा नव्हतो.

शेठ बाहेर आले. "दोन्हीकडे सेम शिट्टी आहे, विलासभाय. माल ओके." मग थोडं थांबून म्हणाले, "गाना चांगला आहे. पण त्यात तो बाप कोण आहे, एकदम बेकार माणूस."

"हो, शेठ," मी म्हणालो.

प्रेस चालू झाला. तो माल मी स्वतः काढला. प्रत्येक प्रत उतरवताना कडेनं धरली.

वाशीच्या हॉलमध्ये संध्याकाळी सहाला कार्यक्रम होता. मला वाटलं होतं, पन्नासेक मुलं येतील, त्यातली अर्धी नात्यातली. हॉलबाहेर रांग बघून मी सुनंदाला म्हटलं, शेजारी कसली तरी भरती दिसतेय. ती रांग आमचीच निघाली. सारसोळ्याहून हर्षलची अख्खी आळी आली होती. त्याची आजी पहिल्या ओळीत, कानात कापूस घालून तयार. मुलं रेकॉर्ड छातीशी धरून उभी होती, आणि त्यातल्या निम्म्या मुलांकडे ती वाजवायचं यंत्र नव्हतं, हे मी विचारून घेतलं. मला तो सोनेरीवाला बिल्डर आठवला, पण ह्या मुलांनी ती मांडवाला लावायला घेतली नव्हती. ती रेकॉर्ड बाहेर काढून, लेबलाजवळ डोळे नेऊन, खाचा बघत होती.

आवाजाबद्दल काय सांगू. पहिल्या गाण्याला माझ्या शर्टाची बटणं हलत होती. उजवीकडचा एक स्पीकर फाटला होता, आणि ह्या वेळी तो खरोखरच फाटला होता, पण मी कुणाला सांगितलं नाही. शेवटच्या गाण्याला चिमी पुढे आली. घरात घालते तोच निळा कुर्ता. तिनं कुजबुजत सुरुवात केली, आणि पहिल्या 'स'ला ती शीळ एवढ्या मोठ्या हॉलभर फिरली.

मग ते कडवं आलं, आणि चिमीनं माइक लोकांकडे केला.

मी तयार नव्हतो. हॉलमधली ती सगळी मुलं, मुली, दाढीवाले, चष्मेवाले, ऑफिसचं ओळखपत्र गळ्यात अडकवून आलेले, एका आवाजात ओरडली: मी सोडून सगळं ऐकतो. पुन्हा. आणखी पुन्हा. माझ्या बाजूचा एक धिप्पाड मुलगा डोळे मिटून, गळ्याच्या शिरा ताणून ओरडत होता आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. मला वाटलं होतं, हे गाणं माझ्यावर आहे. माझ्या एका घरातलं, माझ्या एका कानाचं. ह्या सगळ्यांच्या घरी कोण होतं? ह्यांचे बाप तर प्रेसवर नव्हते. गाणं संपल्यावर त्या मुलानं डोळे पुसले आणि माझे पांढरे केस बघून विचारलं, "काका, तुम्ही कोणाबरोबर?"

"कारखान्याकडून," मी म्हणालो.

पुढचं तुमच्यातल्या बऱ्याच जणांना माहीत असेल. तो माल संपला, आम्ही दुसरा काढला, तो संपला. 'कान' रिक्षात वाजायला लागलं, कॉलेजांच्या गॅदरिंगमध्ये वाजायला लागलं. सोसायटीतली पोरं मी जिन्यातून गेलो की आपली चप्पल मुद्दाम फरफटवतात आणि विचारतात, "काका, कोण?" बरोबर नाव सांगितलं की टाळ्या. तुर्भ्याच्या टपरीवर चहावाल्यानं माझी ओळख 'गाण्यातले' अशी करून दिली. हर्षलची आजी मला बघून म्हणाली, "तुमीच का त्ये?" आणि मग माझ्या पाठीवर हात ठेवून, "ऱ्हाऊ द्या. आमचा म्हातारा तर अजून ऐकत नाय." परदेशातल्या कोरणाऱ्यांनी तिसऱ्या साच्याबरोबर निरोप पाठवला, की तो 'स' फार सुंदर आहे, त्याला हात लावू नका. मी तो निरोप शेठना दाखवला. त्यांनी हवेत गिटार वाजवली.

पण हे सगळं नंतरचं. त्या संध्याकाळी हॉलमधून बाहेर पडल्यावर चिमी तिच्या मंडळींबरोबर थांबली आणि आम्ही दोघं रिक्षाच्या रांगेपर्यंत चालत निघालो. माझ्या कानात अजून हॉल घुमत होता. सुनंदा तिच्या नेहमीच्या चालीनं चालत होती, खांद्याला बालवाडीची पिशवी, पिशवीत दोन रेकॉर्डी.

"तुला माहीत होतं?" मी विचारलं.

"हो."

"कधीपासून?"

"तिनं पहिलं गाणं लिहिलं तेव्हापासून. गच्चीवर म्हणून दाखवायची मला."

"आणि हे? 'कान'?"

"हेपण."

"मग एकदा तरी म्हणायचंस, बाबांवर असं नको लिहूस."

रिक्षाची रांग पुढे सरकली तसे आम्हीही दोन पावलं पुढे सरकलो. सुनंदानं पिशवी ह्या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली.

"मी म्हटलं होतं तिला," ती म्हणाली. "म्हटलं, 'मी सोडून' नको, 'आम्ही सोडून' कर. चालीत बसत नाही म्हणाली."